मांसविरक्त नव्हे, मांसविरती

प्रश्न असा आला आहे : 'ऑक्टोबरात आईवडिलांना घेऊन थायलंडला जातोय. दोघंही माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. तिकडे शाकाहारी जेवणाला मांगसाविरात म्हणतात असं कळलं. हा आपला मांसविरक्तच ना? आणि काहीजण "जे" म्हणा असं सांगतात, ते काय?'

आधी 'शाकाहारी जेवण' या प्रयोगाबद्दल, कारण तो रोज कानावर आदळतो. शाकाहारी म्हणजे शाकाहार करणारा. गाय शाकाहारी असते, तुमचे वडील शाकाहारी आहेत. थाळी कशी शाकाहारी असेल? थाळी काही खात नाही. 'शाकाहाराची थाळी' म्हणा, 'शाकाहार मिळेल' म्हणा, गोव्यात म्हणतात तसं 'शिवराक' म्हणा. हॉटेलांच्या पाट्यांनी हा घोळ घातला आणि आता शिकलेली माणसंही तेच बोलतात.

आता मुद्द्यावर. 'मांसविरक्त' नाही. हे उत्तर मी निदान चौथ्यांदा देतोय, कारण सहलीची माहिती सांगणारे हा शब्द एकमेकांकडून उचलत राहतात. दुसरा एक पंथ 'मांसव्रत' सांगतो. दोघांनीही तो शब्द थाई लिपीत कसा लिहितात हे एकदा पाहिलं असतं तर वाद उरला नसता. थाई वर्णमाला आपल्याच घरातली आहे, क-ख-ग-घ-ङ याच क्रमाची. त्या हिशेबाने पाटीवरचा शब्द अक्षर लावून वाचला तर निघतो 'मङ्-स-वि-रति'. शेवटी 'ति' आहे, वेलांटीसकट. ती वेलांटी लिहितात, पण उच्चारत नाहीत. थाईत 'जाति' लिहून 'छात' म्हणतात, 'ज्ञाति'चा पाली 'ञाति' लिहून 'यात', 'संपत्ति'चं होतं 'सोमबात'. तसंच 'विरति' लिहून 'विरात'. 'विरक्त' असता तर ही वेलांटी आली कुठून? आणि 'व्रत' तर थाईत वेगळा नांदतोय, त्याचं रूप 'फ्रोत'. एकाच भाषेत 'व्रत' एकदा 'फ्रोत' आणि एकदा 'विरात' कशाला होईल?

सुरुवातीचा 'मङ्' बघा. संस्कृत 'मांस'चा पालीत 'मंस' होतो, कारण अनुस्वाराआधी पाली दीर्घ स्वर ठेवत नाही. थाई लोकांनी तो ऱ्हस्व 'मंस' घेतला आणि 'स'च्या आधीच्या अनुस्वाराचा सरळ 'ङ' केला. आपण मराठीत त्याच जागी 'व'कडे झुकतो : संसारचा सौंसार, संशयचा सौंशय. अनुस्वार एकच, वळला मात्र दोन वेगळ्या दिशांना. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बँकॉकच्या फुटपाथवर उभा राहून 'मांस, मङ्स' असं मोठ्याने म्हणून पाहिलं होतं.

खरा आनंद 'विरति'त आहे. 'विरक्त' येतो रञ्ज् धातूपासून. रंग, राग, रक्त ही सगळी त्याचीच पोरं. विरक्त म्हणजे ज्याच्या मनाचा रंग उडाला तो. 'विरति' येते वि + रम् पासून, आणि तिची सख्खी भावंडं म्हणजे आपला विराम, पूर्णविराम, स्वल्पविराम. विरती म्हणजे थांबणं. मनातून इच्छा गेली की नाही हे ती विचारत नाही. हात थांबला का, एवढंच विचारते.

याच वि + रम् मधून पालीत एक शब्द आला, जो महाराष्ट्रात लाखो घरांत पाठ आहे : वेरमणी. 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि', प्राण्यांची हिंसा करण्यापासून दूर राहण्याचं शील मी घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली, तेव्हापासून पंचशीलातलं हे वाक्य आपल्या वस्त्यावस्त्यांत म्हटलं जातं. थायलंडमधली आजीही विहारात हेच म्हणते. माझं ठाम मत असं, की ज्याने कोणी थाईत 'मङ्सविरति' हा समास जुळवला, त्याच्या कानात ही 'वेरमणी' घुमत होती. मांसाला 'विरक्त' लावणं त्याला सुचलंच नसतं, कारण शीलाच्या भाषेत शब्द 'विरति' हाच आहे. अभिधम्मात, म्हणजे बौद्ध तत्त्वचर्चेच्या पाली ग्रंथांत, तर विरति हा पारिभाषिक शब्द आहे. सम्यक वाचा, सम्यक कर्म आणि सम्यक आजीविका या तिघींना मिळून तिथे विरति म्हणतात.

पाली अट्ठकथांनी, म्हणजे त्या ग्रंथांवरच्या जुन्या टीकांनी, विरतीचे तीन प्रकार केले आहेत, आणि परदेशात फिरणाऱ्या माळकऱ्याने ते वाचावेतच. पहिली संपत्तविरति : व्रत वगैरे काही घेतलेलं नाही, पण प्रसंग समोर आला आणि माणूस तिथल्या तिथे थांबला. दुसरी समादानविरति : आधी शील घेतलं आहे, म्हणून थांबला. तिसरी समुच्छेदविरति : मुळापासून तुटली, आता प्रश्नच उरला नाही. तुमच्या आईवडिलांची गळ्यातली माळ ही सरळ समादानविरती. तुकोबांच्या वाटेने चालणारी माणसं आणि थाई विहारातली उपासिका, दोघांसाठी एकच पाली शब्द चपखल बसतो. याहून सुंदर मला या सगळ्या चर्चेत काही सापडलेलं नाही.

वाक्यात हा शब्द कसा येतो तेही ऐका. 'किन' म्हणजे खाणं. मी मांस खात नाही हे सांगायला थाई माणूस म्हणतो 'किन मांगसाविरात', शब्दशः 'मांसविरती खातो'. जेवणाला म्हणतात 'आहान मांगसाविरात'. आहान म्हणजे आपला आहार, शेवटच्या 'र'चा तिकडे 'न' होतो. त्यांनी जेवणाला कर्ता केलेलं नाही, हे आपल्या पाटीवाल्यांनी बघावं.

आता 'जे'. हा आपल्याकडचा शब्द नाही, चिनी आहे. मँडरिनमध्ये त्याला 'ज्याय' म्हणतात, व्हिएतनामात तोच 'चाय' झाला. दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांनी तो थायलंडला आणला. मूळ अर्थ विधीपूर्वीची शुद्धी, संयम. पण बौद्ध ग्रंथ चिनीत जाऊ लागले तेव्हा 'उपोसथ', म्हणजे बौद्धांचा व्रत पाळण्याचा दिवस, या शब्दासाठी याच अक्षराचा आधार घेतला गेला. आणि उपोसथ म्हणजे 'उपवास'चा सख्खा भाऊ, उप + वस्. म्हणजे चिनी अक्षर असलं तरी त्यावर बसलेला एक अर्थ आपल्या उपवासाचाच. म्हणून तर 'जे'मध्ये मांस, मासे, अंडी, दूध यांच्या जोडीला कांदा आणि लसूणही बंद. चातुर्मासात कांदालसूण सोडणाऱ्याला आणि त्याआधी कांदेनवमी साजरी करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

'जे'चा सण चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या तिथीपासून नऊ दिवस चालतो, फुकेतमध्ये सर्वांत थाटात. बहुतेक वर्षी तो आपल्या शारदीय नवरात्राबरोबरच येतो : २०२३ ला दोन्ही १५ ऑक्टोबरला सुरू झाले, २०२४ ला ३ ऑक्टोबरला. २०२५ ला चिनी पंचांगात अधिक महिना आला म्हणून त्यांचा सण २१ ऑक्टोबरला गेला आणि आपली घटस्थापना २२ सप्टेंबरलाच झाली. अमावास्येनंतरचे नऊ दिवस, कांदालसूण बंद, पांढरे कपडे. यावर मी पानंच्या पानं लिहू शकतो, पण तुम्हाला जेवायचं आहे.

तर आईवडिलांसाठी 'जे' म्हणा. 'मांगसाविरात' म्हटलंत तर अंडं येऊ शकतं, आणि साध्या हॉटेलात 'नाम प्ला' म्हणजे माशाचं पाणी सवयीने पडतं. हिरव्या करीच्या वाटणात 'गपी', म्हणजे कोळंबीचा ठेचा, असतो. पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी. 'नुआ खात नाही' असं मुळीच सांगू नका. नुआ म्हणजे मांस खरं, पण ऐकणारा बहुधा गोमांस समजतो आणि निश्चिंत मनाने डुक्कर वाढतो. 'माय साय' म्हणजे घालू नका : माय साय नाम प्ला, माय साय खाय. यातलं 'खाय' म्हणजे अंडं, मराठी कानाने फसू नका. 'जे'च्या दुकानात दूधदही मिळणार नाही, ते बाहेर घ्या.

ओळखायची खूण पिवळा झेंडा. त्यावर लाल रंगात, चिनी कुंचल्याच्या वळणाने 'जे' लिहिलेलं असतं आणि लिपी न येणाऱ्याला ते सरळ इंग्रजी १७ सारखं दिसतं. बँकॉकच्या चिनी वस्तीत, याओवारातच्या एका गल्लीत मी त्या झेंड्याखाली बसलो होतो. कढईवरच्या बाईंना 'मङ्सविरति' हा शब्द मी फार प्रेमाने म्हणून दाखवला. त्यांनी मान डोलावली, झेंड्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, 'जे, जे'. मग शेजारच्या गाड्यावरची नाम प्लाची बाटली दाखवून हात आडवा हलवला आणि स्वतःची सोयाबीनच्या रसाची बाटली माझ्यासमोर ठेवली. वाटीत शेवया, कोबी, तळलेलं टोफू आणि वर मिरपूड होती. कांद्याचा वासही नव्हता.