गंजावर काळं मारलं म्हणून गंज थांबत नाही

१२ वर्षं जुन्या पिकअपची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजायला लागलीय, खालून काळं अंडरकोटिंग (डांबरी थर) मारून घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. मारू नका. निदान आहे त्या गंजावर तरी नको.

आमची गाडी खानापूरची. चोर्ला घाटातून गोव्याची मासळी बेळगावला आणायचो. बर्फ वितळला की खारं पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकायचं, त्यात खानापूरचा पाऊस. मागच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे चासीच्या आडव्या दांड्याला, पोपडे धरले तेव्हा मी म्हणालो, चार दिवस गाडी उभी करू, खरवडून घेऊ. थोरल्या भावाला चार दिवसांचं भाडं सोडवेना. "काय हुतंय रे, मार की वरनं काळं!" मारलं. गाडी खालून नवी दिसायला लागली.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाटा (चाकावरची स्प्रिंग) बदलायला गाडी बेळगावच्या उद्यमबागला नेली. मिस्त्रीनं हँगरजवळ, पाटा चासीला अडकतो तिथं, स्क्रूड्रायव्हर टेकवला तो कोटिंगसकट आत गेला. काळा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघून हातात आला, आतून ओला तांबडा भुगा. डांबरी थर कडक होतो, खडी लागून तडकतो, पाणी आत शिरतं आणि मग वाळतच नाही. दादा अजून म्हणतो, लोखंडच हलकं होतं. त्याच क्रॉस मेंबरचा एक कोपरा स्टेपनीच्या आड होता, तिथं कोटिंग पोचलंच नव्हतं. तिथं वायर ब्रश मारला तर खाली चांगलं लोखंड. मग हलकं कसं?

तुम्ही असं करा. खालून धुऊन दोन दिवस गाडी वाळू द्या. सुटा गंज ग्राइंडरनं काढा. खड्ड्यांत उरतो त्यावर टॅनिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, गंज काळा पडतो. मग दोन डबे एकत्र कालवून लावायचा एपॉक्सी प्रायमर, वरून चासी ब्लॅक हा काळा रंग. नुसता तांबडा रेड ऑक्साईड प्रायमर मारून सोडू नका, त्यातून ओल आत जाते. झिंक प्रायमर उघड्या लोखंडाला भिडला तरच काम करतो, गंजावर मारलात तर पैसे पाण्यात. चासीचा बंद पेटीसारखा भाग आतून गंजतो, तिथं लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत सोडायचं मेण, सोडा. जळकं ऑइल कोणी सुचवलं तर ऐकू नका, रबरी बुश फुगतात.

हो, भोक पडलं असेल तर आधी वेल्डिंग, रंग नंतर. पाणी निघायची भोकं, ब्रेकचे पाइप, सायलेन्सर आणि चासी नंबर झाकून मगच रंग मारा. आणि हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत एपॉक्सी नीट धरत नाही. स्वच्छ एपॉक्सीवर चाकांच्या कमानीत रबरी कोटिंग मारलं तर माझी हरकत नाही, खडीपासून वाचवतं. दादाला माझा विरोध होता तो गंज झाकायला.

तुम्हीही मासळी भरत असाल तर रंगाच्या आधी हौद्याच्या फटी बुजवा, एका कोपऱ्यात पाइप जोडून खारं पाणी कॅनमध्ये घ्या. आम्ही तसं केलं. पाइपाचे पैसे दादानंच दिले, पण काळ्या कोटिंगचं अजून कबूल करत नाही.