फिटनेस वाढवल्याने स्टेजवर काम करणाऱ्याला खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की नाटकात काम करणाऱ्याने व्यायामाच्या मागे लागून उपयोग होतो का की फक्त फोटो बरे येतात. मी नाटकात कामं करतो आणि व्यायाम बऱ्यापैकी उशिरा सुरू केला, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं दोन्ही माहितीये. उपयोग होतो, भरपूर होतो.

फिट झालं की धाप लागत नाही असं लोकांना वाटतं. लागते हो, मारामारीचा सीन असेल तर कोणालाही लागणारच, पण ती लवकर उतरते, आणि सगळी मजा त्यात आहे. एका नाटकात मी धावत एन्ट्री घेतो, झटापट होते आणि लगेच माझं एक लांबलचक वाक्य आहे जे एका दमात गेलं तरच हशा येतो. आधी ते मधेच तुटायचं आणि मी तो पॉज अभिनयाचा असल्यासारखा चेहरा करायचो (प्रेक्षकांना कळत नाही, समोरच्या नटाला बरोबर कळतं). आता समोरचा त्याची दोन वाक्यं बोलेपर्यंत श्वास जागेवर येतो आणि पॉज कुठे घ्यायचा ते मी ठरवतो. कॉलर माईक असेल तर धाप शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते, तो ताप पण गेला. उलट दमल्याचा सीन असला की आता दमल्याचा अभिनय करावा लागतो!

हे झालं भरभर चालणं, जिने चढणं, सायकल असल्या कार्डिओमुळे. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, मग तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात. एन्ट्रीआधी विंगेत छाती धडधडते ती मात्र अजून तशीच आहे, त्यावर जिमकडे औषध नाही.

वजनं उचलताना जरा जपून. श्वास रोखून जड वजन उचललं की गळ्यात स्वरतंतू घट्ट मिटतात, वर ओरडत उचललं तर त्यांच्यावर ताण येतो, म्हणून प्रयोगाच्या दिवशी मी जड काही उचलत नाही. पायांचा नवीन व्यायाम पण प्रयोगाच्या तोंडावर नको, कारण तो त्या दिवशी दुखत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतो आणि मग तुम्ही सिंहासनावर बसताना म्हाताऱ्यासारखे बसता. पोट सपाट दिसावं म्हणून सतत आत ओढून ठेवायची सवय लागली तर श्वास खाली उतरायला जागाच राहत नाही आणि आवाज वरच्या वर निघतो, ते कुठलाही आवाजाचा शिक्षक लगेच पकडेल.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. व्यायामाची सवय झालेल्या शरीराला घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो! त्यामुळे मेकअपवाल्याला सांगून ठेवा आणि इंटरव्हलला टचअपसाठी वेळ काढा.

वजन उतरायला लागलं की कपडेपटवाल्यांना पण लगेच कळवा, नाहीतर ब्लॅकआउटमध्ये कपडे बदलताना पँट कंबरेवर थांबत नाही आणि अंधारात सेफ्टी पिन कोणालाच सापडत नाही. आणि तुमची आत्ताची भूमिका जाडेपणावर उभी असेल तर दिग्दर्शकाशी जिम लावायच्या आधी बोला.