सुताराला बोलावण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या

तुमचं सगळं वाचलं. चौदा वर्षं न्यू जर्सीत काढून जूनमध्ये पुण्यात येताय, बाणेरचा तीन बेडरूमचा फ्लॅट ताब्यात आलाय, सोबत सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. इंटिरियरवाला म्हणतोय की डिझाइन व्हिडिओ कॉलवर ठरवू, तुम्ही उतराल त्या दिवशी घर सजलेलं असेल. शिवाय तिकडचं फर्निचर आणायचं की विकायचं, हा दुसरा प्रश्न.

आम्ही २०१३ साली शिकागोहून आलो तेव्हा नेमकं हेच केलं. विमानतळावरून थेट तयार घरात. फोटो सुंदर आले.

तिकडे ओट्याची उंची सरसकट ३६ इंच असते. मला तीच सवय, म्हणून मीच डिझायनरला तसं सांगितलं. इथले मिस्त्री ३२ ते ३४ धरतात, त्याने दोनदा विचारलंही. माझ्या सासूबाई जेमतेम पाच फूट. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जेवायला बसायचा पाट ओट्यापुढे ठेवून, त्यावर उभ्या राहून पोळ्या लाटतायत. ‘काही अडत नाही गं माझं,’ म्हणाल्या. पुढची सहा वर्षं तो पाट तिथेच होता. ग्रॅनाइट बसलेला ओटा तीन इंच खाली घ्यायचा म्हणजे खालच्या ट्रॉल्यांसकट सगळंच उखडायचं. तेव्हा तुमच्याकडे पोळ्या कोण करणार ते आधी ठरवा, त्या माणसाला हात कोपरात वाकवून उभं करा आणि कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा धरा.

तुम्ही यायच्या आत फक्त तोडफोडीची आणि धुळीची कामं उरकून घ्या: वायरिंग, नळ, खिडक्यांना डासांची जाळी, स्वयंपाकघर. बेडरूमची कपाटं, टीव्हीची भिंत, फॉल्स सीलिंग यातलं काहीही नको. जूनमध्ये येताय हे एका परीने बरंच आहे. गाद्या जमिनीवर टाकून पावसाळा काढा. कुठल्या भिंतीला ओल येते, कुठल्या सरकत्या खिडकीतून झडीचं पाणी आत येतं, हे ऑगस्टपर्यंत घरच सांगतं. आमचं मोठं कपाट डिझायनरने पश्चिमेच्या भिंतीला ठोकून बसवलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कप्प्यातून पैठणी काढली तर घडीवर काळे ठिपके. कपाटामागची भिंत बाहेरून पाणी पीत होती आणि आतून आम्ही ती झाकून टाकली होती. शिवाय पावसाळी हवेत लाकडावरचं पॉलिश नीट वाळत नाही, पांढुरकं पडतं. सुतारकाम गणपतीनंतर काढा.

वायरिंगवर मात्र आत्ताच तासभर बसा, नंतर पश्चात्ताप होतो तो याचाच. गीझर, एसी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन यांना १६ अँपिअरचे पॉइंट लागतात. मिक्सरसाठी ओट्यावर वेगळा, पाण्याच्या फिल्टरसाठी वेगळा. इन्व्हर्टरची लाइन आत्ताच ओढून घ्या आणि वायफायचा राउटर तिच्यावरच टाका. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटारीचे घ्या, साध्या पंख्याला ७५ वॅटच्या आसपास लागतात, याला तीसेक पुरतात.

आता कंटेनर. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ तेच राहतात, त्यामुळे काही मोटारी हळू फिरतात आणि तापतात. मी कणीक मळायच्या यंत्राच्या प्रेमापोटी धोंड्याएवढा ट्रान्सफॉर्मर घेतला होता. यंत्र वर्षभरात गेलं. ट्रान्सफॉर्मर आहे अजून, गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. ज्याच्या पाठीवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलंय तेवढंच आणा, बाकीचं विका.

पलंगही विका. तिकडचा किंग साइज ७६ बाय ८० इंच, इथला साधारण ७२ बाय ७८. तिकडच्या इलॅस्टिकच्या चादरी इथल्या गादीवर गोळा होतात, पुढे नवी गादी हवी झाली की ती मापाने करून घ्यावी लागते. क्वीनच्या चादरी आणायला हरकत नाही, रुंदी दोन्हीकडे ६०च, लांबीतले दोन इंच खाली खोचले जातात. चामड्याचा सोफा अजिबात नको. आमचा गणपतीत तीन आठवडे बंद घरात राहिला, परत आलो तर त्यावर राखाडी बुरशीची साय. जाड गालिच्याचंही तेच, इथली धूळ त्यात एकदा शिरली की निघत नाही. सतरंज्या घ्या, धुता येतात.

मुलीच्या खोलीतलं मात्र तिला विचारून आणा, फालतू वाटलं तरी. आमच्या मुलाचा दिवा मी ‘इथे चांगले मिळतात’ म्हणत विकायला काढला होता, त्याने तो विकू दिला नाही. इथल्या इलेक्ट्रिशियनने वायर, पिन आणि होल्डर बदलून दिला. त्या पहिल्या वर्षात नवीन शाळेतून आल्यावर तो आधी दिवा लावायचा, मग दप्तर ठेवायचा.

सुतारकामाला प्लायवूड कुठलं, यावर सगळे तुम्हाला ज्ञान देतील. सिंकखाली आणि ओलीच्या जागी आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेलंच घ्या, त्याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. शिक्का असला म्हणजे माल खरा असतोच असं नाही. आमच्या शेजारच्या काकांनी मला युक्ती शिकवली: मिस्त्रीकडून कापलेला तुकडा मागून घ्यायचा आणि पातेल्यात दिवसभर उकळत ठेवायचा. माझ्या तुकड्याचे थर संध्याकाळपर्यंत पिठाच्या पापुद्र्यासारखे सुटले. दुसऱ्या दिवशी ते पातेलंच मिस्त्रीपुढे ठेवलं, त्याने मुकाट्याने माल बदलला. शक्य असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला स्वतः जा, बिल आपल्या नावावर घ्या.

पलंगाला एक तर खाली सात-आठ इंच मोकळी जागा ठेवा, नाहीतर तो जमिनीपर्यंत पूर्ण बंद करा. मधल्या दोन इंचांच्या फटीत झाडू जात नाही आणि मग रोज मावशींशी वाद. दिव्यांसाठी तपकीर गल्ली, स्वयंपाकघरासाठी तुळशीबाग, हे तुम्हाला माहीत असेलच. सोसायटीत अनामत किती आणि दुपारी ठोकाठोक कधी बंद ठेवायची, हे कार्यालयातून लेखी घ्या. परत येणाऱ्यांच्या सामानाचे कस्टम्सचे नियम बदलत असतात, कंटेनर बुक करायच्या दिवशी ते पुन्हा वाचा.

आणि इमारतीच्या वॉचमनकडून लिफ्टच्या दाराची आणि आतली लांबी-रुंदी-उंचीची मापं आजच मागवून घ्या. आमची किंगची गादी लिफ्टमध्ये गेली नाही. चार हमाल ती सातव्या मजल्यापर्यंत जिन्याने घेऊन आले, मजल्यामागे वेगळे पैसे, आणि चौथ्या मजल्याच्या वळणावर ती अशी अडकली की तिथल्या आजींना अर्धा तास घराबाहेर पडता आलं नाही.