लांबून सोनं शोधणारं यंत्र बनवण्याआधी

मित्रा, सर्किट जोडण्याआधी दहा सारखे डबे घे. एकात अंगठी दुसऱ्याला लपवायला सांग, आणि लपवणाऱ्याला तिथून बाहेर पाठव. मग अशा यंत्राची फिरती अँटेना हातात धरून अंगठीचा डबा शोध. ती अँटेना मनगटाच्या नकळत झुकण्याने वळते. जागा माहीत असेल तर अचूक, नसेल तर दहात एखाद्या वेळी. माझी दोन वर्षं यातच गेली. अशाच अँटेनाचं 'एडीई ६५१' नावाचं यंत्र इराकला बॉम्बशोधक म्हणून विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. त्या यंत्रावर विसंबून माणसं मेली रे!

त्यापेक्षा पल्स इंडक्शन बनव, म्हणजे कॉइलमधून विजेचे झटके सोडून जवळचा धातू ओळखणारं यंत्र. २५ सेंटीमीटर व्यासाची कॉइल, इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे २५ वेढे, आणि ते झटके चालू-बंद करायला मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच. नाणं वीतभर खोलीपर्यंतच लागेल, पण खरोखर लागेल. आणि भारतात १० रुपयांवरचं गुप्तधन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.