वाचकांचे प्रश्न : खड्डा बुजवा, टाकी बांधा

प्रश्न : आमच्या कर्मचारी वसाहतीत २४ घरं आहेत. मागच्या मोकळ्या जागेत पाच फूट खोल खड्डा करून त्यात ओला कचरा टाकतो. पाऊस लागला की वास, अळ्या, माशा. लोक म्हणतात बुजवून टाका. काय करावं?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : लोकांचं ऐका, बुजवाच. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, जुलैत त्या खड्ड्याचा हौद होतो. शिळं अन्न, भाजीची देठं यांत मुळातच तीन चतुर्थांश पाणी असतं. हवा शिरायला जागा उरली नाही की कचरा कुजत नाही, सडतो.

जमिनीच्या वर विटांची टाकी बांधा. पहिला थर सलग, पुढच्या थरांत मधेमधे एकेक वीट गाळून भोकं ठेवायची. ही कंपोस्ट खताची नॅडेप पद्धत तुमच्याच जिल्ह्यातली, पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची. पण आहे तशी उचलू नका. त्यांची १० × ६ × ३ फुटांची टाकी एक-दोन दिवसांत भरून शेणमातीने लिंपायची असते. शेतकऱ्याकडे तेवढा काडीकचरा एकदम असतो, तुमच्याकडे रोज थोडाथोडा येतो. घरटी अर्धा किलो धरला तर दिवसाला १२ किलो. त्याला ४ × ४ × ३ फुटांच्या तीन टाक्या पुरतात. एक भरायला पाच-सहा आठवडे लागतात, तिसरी भरेस्तोवर पहिलीला मुरायला अडीच-तीन महिने मिळतात.

तळाला वीतभर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) तुकडे. पऱ्हाटीला किडकी बोंडं नकोत, गुलाबी बोंडअळी त्यांतच दबा धरून बसते आणि तुमच्या कुंपणापलीकडे कपाशी असणारच. वर एक बादली ओला कचरा, त्यावर दीड ते दोन बादल्या सोयाबीनचं किंवा हरभऱ्याचं कुटार (मळणीनंतरचा भुसा), रोज. सुरुवातीला घमेलंभर शेण पाण्यात कालवून शिंपडा. आठवड्यातून एकदा दाताळ्याने वरखाली करा.

बहुतेक वसाहतींत गाडं अडतं ते कुटारापाशी. ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की वर्षाच्या तीनेक ट्रॉल्या घेऊन ताडपत्रीखाली ठेवा. जूनमध्ये शोधाल तर ढोरांनाही पुरत नाही, तुम्हाला कोण देणार?

ओल मुठीत पाहायची. दाबल्यावर बोटं नुसती ओलसर झाली तर बरोबर, पाणी ठिबकलं तर कुटार वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून काढा, चांगली तापलेली हवी. थंड असेल तर ढीग सुकलाय किंवा गच्च ओला झालाय. नाकाला झोंबणारा वास म्हणजे कुटार कमी, सडका वास म्हणजे हवा कमी. पावसाळ्यात वर टिनपत्रा, मे महिन्यात एक दिवसाआड पाणी. मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा पडला असं समजा. मटणाची हाडं टाकू नका, कुत्री टाकी उकरतात.

प्रश्न : डायपर आणि पॅड वसाहतीच्या मागे जाळले तर चालतात का?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : नाही. त्यांत प्लॅस्टिकचा थर असतो, उघड्यावर ते अर्धवट जळतं आणि विषारी धूर घरांतच येतो. कागदात घट्ट गुंडाळा, लाल खूण करा, घंटागाडीत वेगळं द्या. दोन खड्ड्यांच्या शौचालयात तर अजिबात नको. आतला जेल पाणी पिऊन फुगतो, नळी तुंबते, वर खड्ड्यातलं खतही वापरता येत नाही.

प्रश्न : फुटलेली ट्यूब, मोबाइलची जुनी बॅटरी, फवारणीच्या औषधाचे डबे कुठे टाकायचे?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : तिन्ही वेगवेगळे हाताळायचे. एलईडी नसलेल्या जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, झाडू मारू नका, पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेला चुरा ओल्या कागदाने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर भोसकू नका, पेट घेते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या. औषधाचा डबा रिकामा झाल्या झाल्या तीनदा विसळा आणि ते पाणी फवारणी पंपातच ओता, नालीत नाही. मग बुडाला भोक पाडा. भोक नसलेला डबा भंगारवाल्याकडून कोणाच्या तरी घरी तेलासाठी पोहोचतो. वसाहतीत या तिन्हींसाठी कुलपाची एक पेटी ठेवा, घातक कचरा घेणारी गाडी आली की रिकामी करा.