मेकॅनिकल झाल्यावर डिझाईनचं मास्टर्स करावं का? चित्रकला येत नाही, वय २६, राहायला सांगलीत

अरेतुरे केलं तर चालेल ना? मी मिरजेची, तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी आणि मीही मेकॅनिकलच. तू विचारलंयस की कुपवाड एमआयडीसीत तीन वर्षं नोकरी झाली, आता इंजिनिअर, आर्किटेक्ट, कॉमर्सवाले सगळे एका वर्गात बसतात तसलं डिझाईन-इनोव्हेशनचं मास्टर्स करावं की घरचे म्हणतात तसं एमबीए. चित्रकला येत नाही त्याचं काय. आणि शिकून परत सांगलीत काम मिळेल का. एवढ्यावर मी लिहायला बसले नसते. पण शेवटी तू लिहिलंयस, 'वडील म्हणतात, चित्रं काढायला इंजिनिअर केलं का तुला?' हे वाक्य आमच्या घरात गेली दहा वर्षं दर गणपतीत आणि दर लग्नात ऐकू येतं. त्यामुळे हे उत्तर थोडं तुला आणि थोडं आमच्या काकांना आहे.

चित्रकलेचं आधी उरकते. सीईईडी म्हणजे डिझाईनच्या मास्टर्सची, म्हणजे एमडेसची, प्रवेशपरीक्षा. तिचा पार्ट बी हाताने काढायचा असतो आणि शेवटच्या स्कोअरमध्ये त्याचा वाटा ७५ टक्के, त्यामुळे पेन्सिल धरावी लागणारच. पण तिथे डोंगरामागून उगवणारा सूर्य कुणी मागत नाही. पंक्चरवाला टायर काढतोय, त्याचा गुडघा कुठे टेकलाय, जॅक कुठे लावलाय, हे बघणाऱ्याला कळलं की काम झालं. तू ड्रॉइंग शीट काढून पास झालायस, हात अगदीच कोरा नाही. सहा महिने रोज तासभर बस. वयाची अट नाही, कितीही वेळा देता येते, कुठल्याही शाखेची किमान ३ वर्षांची पदवी चालते. स्कोअर मात्र एकच वर्ष टिकतो.

आता काका. त्यांचं कुपवाडला फॅब्रिकेशनचं शेड आहे. गुऱ्हाळाच्या कढईपासून हळदीच्या पॉलिश ड्रमपर्यंत सगळं केलंय. माणूस हुशार, यात वादच नाही. कागदावर काही न काढता खडूने जमिनीवर रेघ मारतात आणि त्या रेघेवरून झालेला ड्रम वीस वर्षं फिरतो. त्यांचं म्हणणं एकच, डिझाईन हा शिकायचा विषयच नव्हे. 'लक्ष्मणराव किर्लोस्करांनी काय एमडेस केल्तं?'

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण लक्ष्मणराव आधी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलाच शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सुटलं, मग यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईच्याच व्हीजेटीआय या तांत्रिक संस्थेत ड्रॉइंग शिकवायला लागले. सायकली, कडबा कापायचं यंत्र, १९०३ चा लोखंडी नांगर, १९१० ची किर्लोस्करवाडी हे सगळं त्यानंतरचं. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला एवढा मोठा कारखानदार निम्मा चित्रकार होता. आणि तो नांगर भक्कम असूनही आधी खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. त्या समजुतीला वेल्डिंग करता येत नाही, काका. यावर काका 'त्ये जुनं झालं' म्हणतात आणि चहा सांगतात.

आमच्या भांडणाचं मूळ मात्र लक्ष्मणरावांत नाही, एका बसायच्या पाटात आहे.

मीही असलंच मास्टर्स केलंय, त्यातला माझा दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट तासगाव तालुक्यातल्या एका बेदाणा शेडवर होता. (संस्थेचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.) बेदाणा कसा होतो ते तुला सांगायला नको. चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो, आणि त्या किलोतली काडी, काळा मणी, फुटका मणी वेचायला बायका सकाळी नऊपासून जमिनीवर बसतात. मान, कंबर, गुडघे, सगळ्याची वाट लागते. आम्ही चौघं होतो. मी, एक आर्किटेक्ट मुलगी, फिजिओथेरपी करून आलेली एक आणि विदर्भातला एक बी.कॉम. झालेला मुलगा. बी.कॉम.वाल्याचं इथे काय काम, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं.

उत्तर मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. पट्टा! बायका स्टुलावर बसतील, बेदाणा पट्ट्यावरून पुढे येईल, त्या नको ते उचलतील, चांगला माल पलीकडे क्रेटमध्ये पडेल. फिजिओवालीने पंधरा जणींच्या बसायच्या उंच्या मोजल्या, मी अर्ध्या एचपीच्या मोटरवर हिशोब बसवला, आणि काकांच्या शेडमध्ये फ्रेम उभी राहिली. वेल्डिंग काकांनी स्वतः केलं. वेग कमीजास्त करायचं बटण होतं, पट्टा खाण्याच्या मालाला चालेल असाच घेतला होता. मला तो आजही देखणा वाटतो.

शेडवर लावला. बायकांनी चाळीस मिनिटं काम केलं, पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून. मग त्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्का उठल्या, कमरेवर हात ठेवून क्रेटकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'पोरी, टेबल ब्येस हाय. पन ह्यात माझा ढीग कुठाय?' आणि खाली जाऊन बसल्या. पाच मिनिटांत स्टुलं रिकामी.

मी वहीत लिहिलं, 'सवय नाही. ट्रेनिंग द्यावं लागेल.' ती वही अजून आहे माझ्याकडे. आपल्याकडची अर्धी यंत्रं ह्याच वाक्याखाली गंजत पडली आहेत.

आक्का काय म्हणाल्या ते कळलं बी.कॉम.वाल्याला. संध्याकाळी मी पट्ट्याचं टेन्शन तपासत होते आणि तो मुकादमाच्या काट्याजवळ उभा होता. मजुरी किलोवर. प्रत्येकीचा ढीग वेगळा वजन होतो, वहीत नावापुढे चढतो. आमच्या पट्ट्यावर सहा जणींचा माल एकाच क्रेटमध्ये पडत होता. सगळ्यात चपळ बाई आणि कालच कामाला लागलेली बाई, दोघींचं वजन एक! आक्कांचा हात सगळ्यात चलाख, म्हणून सगळ्यात आधी त्या उठल्या. मी त्या शेडवर तोवर नऊ वेळा गेले होते. मोटरचा लोड, बेदाण्यातली ओल, स्टुलाची उंची, सगळं विचारलं होतं. पैसे कसे मोजता, हे विचारलं नव्हतं.

मग आर्किटेक्टने दाखवलं की सगळ्या दाराकडे सरकून बसतात, कारण ट्यूबलाईटखाली हिरवा आणि पिवळा मणी वेगळा दिसत नाही. आणि फिजिओवाली म्हणाली की जमिनीवर बसण्यात वावगं काही नाही, वाकण्यात आहे. शेवटी जे झालं ते असं: बुटका पाट, त्याला कमरेशी टेका, पुढे उताराचं ताट, ताटाखाली जिचा तिचा क्रेट. सगळे पाट दाराजवळ, समोरासमोर, म्हणजे गप्पाही चालू. मोटर गेली, पट्टा गेला. मेकॅनिकल इंजिनिअरच्या मास्टर्सच्या प्रोजेक्टमध्ये फिरणारा एकही भाग उरला नाही.

काका बघायला आले. पाट उचलून उलटा केला, परत ठेवला. 'दोन वर्सं शिकून पाट केलास? सुतारानं तीनशे रुपयात केला असता की!'

तीच गोष्ट तेव्हापासून प्रत्येक कार्यात सांगतात, वर 'मला आधी इचारलं असतंस तर मी सांगितलं असतं' हेही जोडतात. काका, मी विचारलं होतं. तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच खडूने काढलेल्या रेघेवर उभी राहून. तुम्ही म्हणालात, 'पट्टा झकास हुईल.' सुताराने केला असता हे अगदी खरं, पण त्याला कुणी पाट करायला सांगितलंच नसतं. आपण दोघांनी त्याच्याकडून स्टुलं करून घेतली होती.

तर अशा शिक्षणात मिळतं काय, असं विचारशील तर हे मिळतं. शेजारी बसलेल्याला काय दिसतंय ते आपल्याला दिसत नव्हतं, हे चारचौघांत कबूल करायची सवय. ती इंजिनिअरिंग कॉलेजात लागत नाही. तिथे आम्हाला सिव्हिलवाल्यांशी बोलायचीसुद्धा वेळ आली नाही.

म्हणून कॉलेज निवडताना वर्ग बघ, इमारत नको. वर्गातली सगळी पोरं इंजिनिअर असतील तर नावात इनोव्हेशन असलं काय नि नसलं काय. आयआयटी मुंबईतलं डिझाईनचं कॉलेज आयडीसी १९६९ पासून आहे, अहमदाबादची डिझाईन संस्था एनआयडी १९६१ पासून, दोन्हीकडे वेगवेगळ्या पदव्यांची माणसं येतात. एनआयडीची परीक्षा वेगळी. सीईईडीवर आयआयटी आणि बंगळूरचं आयआयएससी. गावाकडच्या पाण्या-शेतीच्या प्रश्नांत रस असेल तर आयआयटी मुंबईतलंच सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र बघ, तिथलं एमटेक गेट या इंजिनिअरांच्या परीक्षेवर आहे आणि गावात जाऊन राहणं हा अभ्यासाचाच भाग आहे. परदेशात जायची ऐपत असेल तर लंडनला रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि इंपीरियल कॉलेज मिळून १९८० पासून एकच कोर्स चालवतात, पदव्या दोन्हीकडच्या मिळतात. फिनलंडवाल्यांनी तर २०१० साली तंत्रज्ञानाचं, अर्थशास्त्राचं आणि कलेचं अशी तीन विद्यापीठं एकत्र करून आल्टो केलं. माझ्या बी.कॉम.वाल्याला तिथे तरी कुणी 'तुझं काय काम' विचारलं नसतं. आणि पुण्यातल्या हॉटेलात डिझाईनच्या वर्कशॉपवाले दोन दिवसांत भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून सर्टिफिकेट देतात, त्यात पैसे घालू नकोस. त्यापेक्षा तेवढे दिवस मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघत बस, फुकट आहे.

एमबीए? करायचंच असेल तर कर. घरचे गप्प बसावेत म्हणून करू नकोस, ते बसत नाहीत. नंतर लग्नाचं काढतात.

आता थोडं खरं बोलते, नाहीतर काका म्हणतील अर्धंच सांगितलं. त्या शेडवर आम्ही बारा पाट दिले होते. तीन वर्षांनी गेले तेव्हा पाच वापरात होते, एकावर मुकादम बसला होता. त्यानंतर मालकाने रंग ओळखून मणी वेगळा करणारं यंत्र घेतलं आणि निवडीच्या बायका निम्म्यावर आल्या. आक्का आता द्राक्षाच्या विरळणीला जातात. त्या यंत्राने आमचा पाट, पट्टा आणि वाद तिन्ही एकदम निकालात काढले, हे मला काकांसमोर कबूल करवत नाही.

दुसरं, फी आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार. कर्ज काढून जाणार असशील तर आधी हिशोब मांड. माझ्या वेळी वडील पाठीशी होते म्हणून मला हे सगळं तत्त्वज्ञान परवडलं.

तिसरं, सांगलीत काम. मी पुण्यात आहे, यावरून समजून घे. कुपवाडला डिझायनर म्हणून पगार देणारा मालक मला तरी भेटला नाही. एक आहेत, ते पगार देणार नाहीत आणि वर शिकवतील.

पोर्टफोलिओत काय घालायचं ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. फसलेली वस्तू घाल, आणि ती कुणामुळे फसली ते लिहिताना स्वतःचं नाव पहिलं लिही. नोकरीच्या मुलाखतीत मी पाटाआधी पट्टा दाखवला होता. त्याची फ्रेम अजून काकांच्या शेडमध्ये उजव्या भिंतीला आहे, वर सळया ठेवल्यात. बघायची असली तर मला मेसेज कर, पत्ता देते. फक्त मी पाठवलंय हे सांगू नकोस, नाहीतर पाटाची गोष्ट संपेपर्यंत तुला उठू देणार नाहीत.