सेफ्टी पिनसारख्या साध्या वस्तूचं पेटंट घेतात, ते नेमकं कशाचं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घट्ट बसलेलं बरणीचं झाकण एका हाताने उघडेल असं साधन तुम्ही बनवलंय. त्यात दोन पट्ट्या, एक खिटी आणि एक स्प्रिंग, एवढंच आहे. इतक्या साध्या गोष्टीला पेटंट मिळतं का? जुन्या शोधकांनी पिना, पेनं, कुलपं यांची पेटंट घेतली ती कशाची? आणि हवा असेल तर फोटो टाकतो, असंही तुम्ही लिहिलंय.

मी यंत्रांची ड्रॉइंग काढतो आणि त्यातलं बरंचसं काम पेटंट अर्जांच्या आकृत्यांचं असतं. वकील नाही, तेव्हा कायद्याचा शेवटचा शब्द त्यांच्याकडूनच घ्या. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सेफ्टी पिनचं पेटंट घेणाऱ्या वॉल्टर हंटइतका योग्य माणूस दुसरा सुचत नाही, कारण त्याच्या एकाच आयुष्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात.

हंट अमेरिकेचा, न्यूयॉर्क राज्यातला. जन्म १७९६ चा, मृत्यू १८५९ चा. १८२६ साली त्याने जवसाच्या तंतूंचं सूत कातायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी घोडागाडीसाठी घंटेचं घेतलं. गाडीवानाचे दोन्ही हात लगामात अडकलेले, म्हणून ती घंटा पायाने वाजवायची. तुमच्या साधनाची गरजही तशीच आहे, हात मोकळा नाही म्हणून काहीतरी वेगळं करायचं. पुढे सुरीला धार लावायचं साधन, शेगडी, शाईचं पेन, मागून गोळ्या भरायची बंदूक, कागदी कॉलर अशी त्याची यादी लांबत जाते. आणि १० एप्रिल १८४९ ला पेटंट क्रमांक ६२८१, मथळा ‘ड्रेस पिन’. आपण जिला सेफ्टी पिन म्हणतो ती.

आता एक सेफ्टी पिन हातात घ्या आणि उघडा. बंद टोकाला तारेचं एक वेटोळं आहे ना, तिकडे बघा. ते वेटोळं कशासाठी? तार नुसती मधोमध दुमडली असती तरी दोन पाय झाले असतेच. करून बघा: साधी तार पक्कडीने दुमडा आणि ते दोन पाय दाबून सोडा. दुमडलेल्या जागी तार वाकते ती वाकलेलीच राहते, कारण सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. आठ-दहा वेळा केलंत तर तिथेच तुटेल. वेटोळं दिलं की तोच ताण तारेच्या बऱ्याच मोठ्या लांबीवर वाटला जातो. कुठलाच भाग फार वाकत नाही, म्हणून पाय परत जागेवर येतो. आणि तो परत यायला धडपडतो म्हणूनच टोक खाचेत दाबून बसतं. म्हणजे तीच तार बिजागरी झाली, तीच स्प्रिंग झाली आणि तीच पिनही. आज आपल्या पिनेला पत्र्याची टोपी वेगळी बसवलेली असते. हंटच्या मांडणीत तारेचंच दुसरं टोक वळवून अडकवणी केलेली आहे.

मी हे पेटंट पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्यात जास्त आवडलं ते त्याचं दाव्याचं वाक्य, म्हणजे हक्क नेमका कशावर मागितलाय ते सांगणारं वाक्य. तार किंवा धातूच्या एकाच तुकड्याची पिन, तिच्यातच स्प्रिंग आणि अडकवणी एकत्र, आणि टोक त्या अडकवणीत स्वतःच्याच स्प्रिंगच्या जोराने धरलेलं, असा त्याचा आशय आहे. फायदाही त्याने तसाच थेट सांगितलाय: यात तुटायला सांधा नाही, झिजायला किंवा सैल व्हायला खिळा नाही. ‘मी कपडे अडकवायची पिन शोधली’ असं तो म्हणत नाही, कारण तसं म्हणताच येत नव्हतं. कपडे पिनेने अडकवणं माणूस हजारो वर्षं करत आलाय. रोमन लोकांचे आणि त्यांच्याही कितीतरी आधीचे कांस्याचे पिनवजा ब्रोच संग्रहालयांत आहेत. त्यांतल्या अनेकांना चक्क स्प्रिंगचं वेटोळंही आहे आणि टोक अडकवायला खाचही. आज पेटंट कचेरीत अर्ज तपासणाऱ्या परीक्षकापुढे हंटचा दावा इतक्या सहज टिकला असता असं मला वाटत नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: साधेपणा आड येत नाही. पट्टी जुनी, खिटी जुनी, स्प्रिंग जुनी, तरी चालतं. त्या तिघांची जोडणी नवी हवी, त्या जोडणीतून काहीतरी उपयोगाचं घडायला हवं, आणि ती त्या कामातल्या माहीतगार माणसाला सहज सुचण्यासारखी नको. हे तिसरं कलम सगळ्यात जास्त अर्ज अडवतं. ‘यात काय विशेष, कुणीही केलं असतं’ हे वाक्य परीक्षक वेगळ्या भाषेत लिहून पाठवतो आणि त्याला उत्तर देताना अर्जदाराला घाम फुटतो. म्हणून आत्ताच लिहून ठेवा: आधीची साधनं कुठे कमी पडत होती, आणि तुमच्या मांडणीने ते नेमकं कशामुळे सुधारलं? तुमच्या बाबतीत मला वाटतं, झाकण पकडणं आणि फिरवणं ही दोन कामं एकाच हालचालीत होतात का, यावर सगळं अवलंबून आहे.

हंटच्या त्या पेटंटात आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. आकृती एकच नाही. गोल वेटोळ्याची पिन आहे, लंबगोल आहे, चपट्या स्प्रिंगची आहे. सेफ्टी पिन एवढीशी, मग इतके आकार काढायची गरज काय? हे मी एका अनुभवातून शिकलो. एका ग्राहकासाठी मी एका पकडीची ड्रॉइंग काढली होती. बोटाने दाबली की उघडते, सोडली की मिटते. आकृतीत मी गुंडाळलेली स्प्रिंग दाखवली, कारण नमुन्यात तीच होती. दाव्यातही ‘गुंडाळलेली स्प्रिंग’ हेच शब्द गेले. पेटंट मिळालं. वर्ष-दीड वर्षात दुसऱ्या कुणीतरी तशीच पकड बाजारात आणली, आत चपट्या पट्टीची स्प्रिंग घालून. काम तेच, दिसायलाही जवळपास तेच, आणि आमच्या शब्दांच्या बाहेर. तो ग्राहक माझ्यासमोर बसून दोन्ही पकडी आलटून पालटून दाबत होता, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो की या भागाच्या जागी दुसरं काय बसलं तरी चालेल? जे जे चालेल ते वर्णनात लिहायचं, जमेल तेवढं आकृतीत दाखवायचं, आणि मुख्य दाव्यात ‘परत ओढणारा लवचीक भाग’ असा रुंद शब्द घालून खालच्या दाव्यांत एकेक प्रकार बांधायचा. तुमच्या साधनाला आज स्प्रिंग आहे. उद्या तिथे रबराचा पट्टा चालेल का, हे आजच करून बघा.

पिनेच्या पैशांची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. हंटवर १५ डॉलरचं कर्ज होतं, ते फेडायला त्याने तारेशी चाळा करता करता ही पिन काढली आणि तिचे सगळे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले, अशी ती सांगितली जाते. ते कर्ज एका ड्राफ्ट्समनचं होतं म्हणतात, त्याच्या शोधांची ड्रॉइंग काढणाऱ्याचं. मी त्याच धंद्यातला असल्यामुळे ही गोष्ट मला जरा जास्तच लागते. पुढे त्या पिना जगभर किती खपल्या याचा हिशेब करायला नको. तरी पिनेच्या बाबतीत त्याने निदान हक्क नोंदवला, विकला आणि स्वतःच्या मर्जीने विकला.

शिवणयंत्राचं तसं झालं नाही, आणि तुम्ही जास्त लक्ष द्यावं ते इथे.

त्या काळी यंत्राने शिवायचे प्रयत्न बरेच चालले होते. त्यांतले बहुतेक जण हाताच्या शिलाईची नक्कल करायला जायचे. हाताच्या सुईचं नेढं मागे असतं, सुई आख्खी कापडातून पार जाते, दोरा ओढून पुन्हा उलट येते. यंत्राला ते फार जड जातं, कारण सुई दर टाक्याला सोडून पलीकडे पुन्हा पकडावी लागते. १८३४ च्या सुमारास हंटने नेढं सुईच्या टोकाजवळ आणलं. सुई कापडात घुसते, थोडी मागे येते, आणि पलीकडच्या बाजूला दोऱ्याचा एक फास उभा राहतो. त्या फासातून, विणकराचा असतो तसा एक छोटा धोटा दुसरा दोरा घेऊन निसटतो. सुई वर गेली की दोन दोरे कापडात एकमेकांना अडकून बसतात. आज घरातल्या शिवणयंत्राच्या बॉबिनमध्ये तुम्ही जो दोरा भरता तो हाच दुसरा दोरा. हंटचं यंत्र सरळ शिवण तेवढी घालायचं आणि तीही काही इंच, मग कापड पुन्हा लावावं लागे. पण टाका खरा होता.

आणि त्याने पेटंटचा अर्जच केला नाही. यंत्र आलं तर शिवणकामावर पोट भरणाऱ्या बायकांचं काय होईल, असं त्याच्या मुलीने, कॅरोलाइनने, म्हटलं आणि त्याचं मन मागे हटलं, असं सांगतात. त्याच्या या काळजीला मी कधी नावं ठेवणार नाही. यंत्राचे हक्क जॉर्ज ॲरोस्मिथ या माणसाने घेतले, त्यानेही अर्ज केला नाही. सप्टेंबर १८४६ मध्ये इलायस हाउ या दुसऱ्याच शोधकाला शिवणयंत्राचं पेटंट मिळालं, क्रमांक ४७५०, त्यात टोकाला नेढं असलेली सुई आणि धोटा दोन्ही. हाउने मग शिवणयंत्रं बनवणाऱ्यांवर खटले भरले, तेव्हा त्यांतल्याच आयझॅक सिंगरच्या बाजूने हंटचं जुनं यंत्र पुढे आणलं गेलं आणि १८५३ मध्ये हंटने एकदाचा अर्ज केला. १८५४ च्या निकालात पेटंट आयुक्तांनी मान्य केलं की यंत्र हंटने आधी बनवलं होतं. पण इतकी वर्षं गप्प राहिल्यामुळे पेटंट त्याला नाही, हाउचंच कायम. पहिला कोण हे लेखी मान्य झालं आणि हातात काहीच आलं नाही. १८५८ साली सिंगरने त्याला ५०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं, ते मिळायच्या आत हंट गेला.

याच्या अगदी उलट प्रकरण मार्गारेट नाइटचं. सपाट बुडाच्या कागदी पिशव्या घड्या घालून चिकटवणारं यंत्र तिने बनवलं. आधी लाकडी नमुना, मग एका कारखान्यात लोखंडी. तो बनत असताना चार्ल्स अनान नावाच्या माणसाने तो पाहिला आणि स्वतःच्या नावावर पेटंट मिळवायच्या मागे लागला. बाईला एवढं यंत्र कसं समजेल, असा त्याचा युक्तिवाद होता असं सांगतात. नाइटने आपल्या आकृत्या, टिपणं आणि नमुना बघितलेले साक्षीदार पुढे केले आणि १८७१ मध्ये पेटंट तिला मिळालं. आज बहुतेक देशांत आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क आधी, त्यामुळे नुसती टिपणं पुरत नाहीत. तरी तारखेनिशी वही ठेवाच. कल्पना तुमच्याकडून चोरली गेली असं सिद्ध करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते, आणि अर्ज लिहिताना तर पानोपानी.

हंटच्या बंदुकीबद्दल एवढंच सांगतो की नळीखाली गोळ्यांची दुसरी नळी, ही कल्पना फार पुढे गेली. पण त्याची यंत्रणा नाजूक आणि गुंतागुंतीची होती. लुइस जेनिंग्ज, मग स्मिथ आणि वेसन, आणि शेवटी विंचेस्टर, अशी दुसऱ्यांनी ती सोपी करत नेली. प्रत्येक सुधारणेचं वेगळं पेटंट. तुमचं साधनही कुणाच्या तरी जुन्या साधनावरची सुधारणा असेल तर त्यात कमीपणा नाही, ते कोणतं हे मात्र तुम्हाला माहीत हवं.

त्यासाठी आधी शोध घ्या. गूगल पेटंट्सवर फुकट बघता येतं. शब्द टाकून शोधाल तर अर्धं हुकेल, कारण पेटंटांत झाकणाला झाकण म्हणत नाहीत, ‘बंद करणारा भाग’ म्हणतात. वर्गवारीने शोधा. बंद भांडी उघडायच्या साधनांचा वर्ग आहे बी६७बी, त्यातला गट ७. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्याही आकृत्या सापडतील. आधी फक्त आकृत्या चाळा, तुमच्यासारखी पट्टी-खिटी दिसली की थांबा आणि त्या पेटंटचे शेवटचे परिच्छेद वाचा, दावे तिथे असतात. मुदत संपलेलं पेटंट कुणीही वापरू शकतं, पण त्यातली मांडणी पुन्हा स्वतःच्या नावावर घेता येत नाही. आठवडाभर रोज तासभर द्या. मला नेहमी याच टप्प्यावर माणसं निराश झालेली दिसतात. पण जुनी आकृती सापडली की आपलं वेगळेपण कुठे आहे तेही त्याच आकृतीच्या शेजारी ठेवून नीट दिसतं.

आणि तो फोटो इथे टाकू नका. बहुतेक देशांत अर्जाच्या आधी वस्तू जगासमोर आली की तिचं नवेपण संपतं, मग ती दाखवणारे तुम्ही स्वतःच का असेना. अमेरिकेत शोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर वर्षभराची सवलत आहे, सगळीकडे नाही. वकिलाला दाखवा, नमुना बनवून देणाऱ्याला गुप्ततेच्या लेखी करारावर सही घेऊन दाखवा. अर्ज दाखल होऊन तारीख आणि क्रमांक मिळाला की मग टाका. मला तो बघायचाच आहे, विशेषतः ती खिटी कुठे बसवलीय ते.